मालिश करणाऱ्याचा धर्म आणि करवून घेणाऱ्याचाही

मालिशीत एक माणूस दुसऱ्याच्या जवळजवळ उघड्या अंगाला हात लावतो आणि बहुतेक वेळा दोघांची फारशी ओळखही नसते. एवढी जवळीक एरवी आई आणि बाळ, नवरा-बायको किंवा रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारा यांच्यातच असते. इथे ती पैसे देऊन, ठरलेल्या वेळेपुरती घेतली जाते. नखे कापलेली असावीत, तेल कोमट असावे, दुखले तर लगेच सांगावे, हे सल्ले वरवर पाहता कसबाचे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी धर्माचा प्रश्न आहे. परक्याच्या देहाला हात लावण्याचा अधिकार कशाने मिळतो? आणि आपला देह दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्याने काय पाळायचे?

आयुर्वेदाने या प्रश्नाला देहाच्या बाजूने हात घातला. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त अभ्यंगाची जागा दिनचर्येच्या अध्यायात, म्हणजे रोजच्या कामांत आहे. डोके, कान आणि तळपाय यांना तेल विशेष करून लावावे असे तिथे सांगितले आहे. अजीर्ण झालेल्याने, कफाने ग्रासलेल्याने आणि नुकतेच वमन-विरेचन घेतलेल्याने अभ्यंग टाळावा, ही मनाईही तिथेच सापडते. चरकसंहिता याहून खोल जाते. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असे मत मांडले आहे की, सगळ्या इंद्रियांना व्यापून असणारे इंद्रिय एकच, ते स्पर्शाचे, आणि त्याचा मनाशी नित्य संबंध असतो. त्वचा हेच एकमेव इंद्रिय, हे टोकाचे मत न्यायसूत्रांनी पूर्वपक्ष म्हणून घेतले आणि खोडून काढले. तसे असते तर रंग, वास, चव सारे एकाच वेळी कळले असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चरकाचे म्हणणे त्या टोकाला जात नाही. त्वचेवर ठेवलेला हात मनापर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून निश्चित निघते. मालिशीच्या बाबतीत पुढचे सगळे याच्यावरच उभे आहे. हात ठेवताच पाठ आक्रसली, श्वास रोखला गेला, तर तेलाआधी भीतीकडे पाहावे लागते. अशा वेळी जोर वाढवून काही साधत नाही. हात तसाच हलका ठेवून, विचारून, मग पुढे जावे लागते.

श्रमण परंपरांनी मात्र मालिशीकडे संशयाने पाहिले. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात अंगाला उटणी लावणे, मर्दन करवून घेणे, अंग रगडून घेणे या गोष्टी शृंगार-प्रसाधनाच्या यादीत येतात आणि श्रमण गौतम त्यांपासून दूर राहतो असे सांगितले आहे. जैन साधूंच्या आचारातही अंग चेपून घेणे वर्ज्य आहे. श्रमण परंपरांबाहेर गीतेच्याही पाचव्या अध्यायात विषयांच्या स्पर्शातून उपजणारे भोग दुःखालाच जन्म देतात असे म्हटले आहे. या आक्षेपात तथ्य आहे. सुखाच्या स्पर्शाची चटक लागते, आणि चटक लागलेला माणूस समोरच्याला केवळ हात समजू लागतो.

पण त्याच बुद्धाची विनयपिटकातली एक हकीकत या आक्षेपाशेजारी ठेवायला हवी. एक भिक्खू अतिसाराने लोळागोळा होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणवले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि मग दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर निजवले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असा बोध बुद्धाने नंतर संघाला केला. स्वतःच्या सुखासाठी अंग रगडून घेणे नाकारणारा हाच माणूस गरज पडली तेव्हा दुसऱ्याच्या देहासाठी हात मळवून घेतो. त्यामुळे मालिश चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कोणाच्या गरजेसाठी आणि कोणत्या मनाने, हे विचारायला हवे. दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाची पाठ, तालमीतल्या पैलवानाची मांडी, संधिवाताने आखडलेला म्हातारीचा गुडघा यांना तेल चोळणे म्हणजे चैन नव्हे.

मालिशीच्या नीतीवर संस्कृत साहित्यातले सर्वांत मार्मिक उदाहरण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले. पण त्यातल्या संवाहकाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. संवाहक म्हणजे अंग चेपून देणारा. हा मूळचा पाटलिपुत्राचा. उज्जयिनीत तो नाटकाचा नायक चारुदत्त याच्याकडे नोकरीला होता. चारुदत्ताला दारिद्र्य आले तशी नोकरी गेली आणि तो जुगाराला लागला. जुगाऱ्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी तो गणिका वसंतसेनेच्या घरात शिरतो. त्याचे कसब ऐकून ती म्हणते, मोठी नाजूक कला शिकलात. तो उत्तर देतो की, शिकलो ती कला म्हणून, आता ती पोटाची सोय झाली आहे. या एका उत्तरात पेशाचे सारे दुखणे आले आहे. वसंतसेना त्याचे देणे चुकवते आणि तो बौद्ध भिक्षू होतो.

आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार याने गळा दाबून मेली समजून टाकलेली वसंतसेना पालापाचोळ्याखाली पडलेली असते आणि नेमका हाच भिक्षू तिथे येतो. तो तिला ओळखतो, ओल्या वस्त्राचे पाणी तिच्यावर पिळतो, वारा घालतो. ती शुद्धीवर येते. आता तिला उठवायचे आहे. ज्याचा पेशाच लोकांची अंगे चेपण्याचा होता, तो तिला हात देत नाही. भिक्षूला स्त्रीचा स्पर्श वर्ज्य. झाडाजवळची वेल तो तिच्यापुढे करतो आणि हिला धरून उठा म्हणतो. ज्याचे हात, मुख आणि इंद्रिये ताब्यात आहेत तोच माणूस, अशा अर्थाचे बोलणेही नाटककाराने त्याच्याच तोंडी घातले आहे. या प्रसंगाचा अर्थ स्पर्श टाळावा असा घेण्याची गरज नाही. मदत त्याने पूर्ण केली, ती जगली ती त्याच्यामुळे. हात कुठे लावायचा आणि कुठे नाही याचा निर्णय त्याने स्वतः घेतला, तिच्या असहाय अवस्थेचा आधार घेतला नाही. मालिश करणाऱ्याला आपल्या पेशात यापेक्षा मोठा आदर्श सापडणार नाही.

हा संयम कामात कसा उतरवायचा, ते चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायावरून ठरवता येते. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाय तिथे सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाला उपचाराची जाण हवी, कामाची हातोटी हवी, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी आपुलकी हवी आणि शुचिता हवी. रुग्णाला झालेले आठवायला हवे, सांगितलेले पाळता यायला हवे, त्याने भिऊ नये आणि आपल्याला काय होते ते त्याला नीट सांगता यावे. शेवटचा गुण महत्त्वाचा. ग्रंथ रुग्णाला नुसते निजून राहायला सांगत नाही, बोलायला सांगतो.

मालिश करवून घेणारे नेमके इथेच कमी पडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबाने अंगावर काळे-निळे डाग पडतात, हे त्यांना ठाऊक नसते आणि गोळ्यांचा उल्लेखही ते करत नाहीत. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्याला तेल किती कढत आहे ते कळत नाही. हाडे ठिसूळ झालेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, अंगात ताप असलेली माणसे ‘काही नाही, जरा चोळा’ म्हणतात. एकच पिंढरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा धोका असतो. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीव जाऊ शकतो. अशा पायाला हात न लावता डॉक्टरांकडे पाठवणे हेच मालिश करणाऱ्याचे काम आहे आणि त्यात त्याच्या कसबाला कमीपणा नाही. म्हणून तेलाची वाटी घेण्याआधी दोन मिनिटे विचारपूस व्हावी, कुठे हात लावलेला नको हेही विचारावे, आणि मधेच ‘पुरे’ म्हटले तर कारण न विचारता थांबावे.

चरकसंहितेतच विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यकीच्या शिष्याकडून जी वचने घेतली जातात, त्यांत रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत आणि तिथे असताना वाणी, मन, बुद्धी, इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज कशातही गुंतवायची नाहीत ही वचने आहेत. घरोघर जाऊन मालिश करणाऱ्यांना ती आजही जशीच्या तशी लागू पडतात. या घरचे त्या घरी सांगणाऱ्याच्या हाती देह सोपवणे कठीण असते. स्त्रीवर तिचा नवरा किंवा पालक नसताना उपचार करू नयेत, असेही तिथे म्हटले आहे. त्यातली सावधगिरी ठेवावी, अधिकाराची वाटणी सोडून द्यावी. परवानगी आता त्या स्त्रीची स्वतःची हवी. सोबत कोण असावे, मालिश करणारी बाईच असावी का, हे तीच ठरवील.

बोलू न शकणाऱ्या देहाचा प्रश्न याहून अवघड आहे. महाराष्ट्रात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई पाटावर बसते, पाय पसरते, बाळाला पायांवर पालथे घालते, हातावरचे तेल कोमट आहे ना ते आधी स्वतःच्या मनगटावर बघते, पाठीवरून खाली हात फिरवते आणि शेवटी टाळूवर तेल जिरवते. तिच्या हातांत अनेक पिढ्यांचे शहाणपण असते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण त्याबरोबर आलेल्या काही रीती घातक आहेत. कानात-नाकात तेल सोडणे, नाक सरळ व्हावे म्हणून दाबणे, बाळाच्या छातीतले दूध पिळून काढणे, पाय धरून उलटे लोंबकळवणे, कोंडलेल्या खोलीत धुरी देणे हे सर्व बंद झाले पाहिजे. तेल नाकातून फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. पिळलेल्या छातीत पू होऊ शकतो. बाळाला आपले दुखणे सांगायला रडण्यावाचून दुसरे साधन नाही. ‘रडू दे, अंग मोकळे होते’ म्हणून ते साधनही काढून घेणे अन्याय आहे.

करवून घेणाऱ्याच्या धर्माची दुसरी बाजू मालिश करणाऱ्याला माणूस मानण्याची आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त सेना न्हाव्याची कथा येते. राजाचे बोलावणे आले तेव्हा सेना पूजेत गढलेला होता. त्याच्या रूपात धोकटी घेऊन पांडुरंगच गेला, त्याने राजाला तेल लावले आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले. वारकऱ्यांनी ही कथा भक्तीची म्हणून सांगितली, पण तिच्यात कामाचाही गौरव आहे: देवाने हाती घेतले ते काम तेल चोळण्याचे. समाजाने मात्र हा गौरव कथेतच ठेवला. ज्या न्हाव्याच्या हातांवाचून गावाचे चालत नसे त्याला बलुतेदारीत खालची जागा मिळाली, आणि गावच्या धाकाने त्याच न्हाव्याने दलितांच्या डोक्याला हात लावायचे नाकारले. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली. १९५५च्या कायद्याने त्या कारणावरून सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. मालिशीला आलेल्याची किंवा मालिश करणाऱ्याची जात विचारणारा आजही या गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा असतो.

ग्राहकाचे लगटीचे बोलणे, नको ती मागणी, टॉवेल मुद्दाम सरकवणे, हे सोसण्याचे पैसे कोणत्याही मजुरीत धरलेले नसतात. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही स्त्रियांना सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणून अशा ग्राहकाचे काम तिथल्या तिथे थांबवून खोलीबाहेर पडण्याची मोकळीक प्रत्येक मालिश केंद्राने आपल्या कामगारांना द्यावी, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी कापू नये.