उरलेले आणि राखलेले

मराठीत ‘उरणे’ आणि ‘राखणे’ ही क्रियापदे जवळजवळ नांदत असली, तरी त्यांच्यातील नैतिक अंतर मोठे आहे. उरते ते आपोआप. राखण्यासाठी मात्र काही सोडावे लागते. परसातल्या वालाच्या वेलापाशी हे अंतर विशेष जाणवते. इंदुरात त्याला बालोर म्हणतात, बडोद्यात वालोळ, बेळगावच्या कन्नडात अवरे, हैदराबादच्या तेलुगूत चिक्कुडू. पण आपल्या जुन्या घरांत तो वालच.

पहिल्या कोवळ्या शेंगा स्वयंपाकघराला हव्या असतात. त्यामुळे बियाण्याच्या वाट्याला बहुधा येतात त्या हंगामाअखेरच्या, पानांआड दडून निबर झालेल्या शेंगा. एका वेलाच्या पहिल्या आणि शेवटच्या शेंगेचे कूळ एकच, हे खरे. तरी अखेरचे दाणे पुष्कळदा बारीक भरतात आणि किडीला लवकर बळी पडतात. शिवाय चार वेलांपैकी लवकर फळणाऱ्याच्या शेंगा दरवर्षी खाल्ल्या आणि उशिरा फळणाऱ्याच्या ठेवल्या, तर काही वर्षांत वाणच उशिराचे होत जाते. मग आपण हवेला आणि मातीला दोष देतो. निवड आपल्या ताटाने केलेली असते.

राखण्याला किंमतही पडते. शेंगा वेलावर पिकू दिल्या की नवी फुले कमी येतात. म्हणून जाणती माणसे पहिल्या बहरातच एक सशक्त वेल निवडून त्याला दोरा बांधत आणि त्याची एकही शेंग खुडत नसत. शेंग वेलावरच वाळून खडखडू लागली की काढायची, दाणे सावलीत पसरायचे, नख रुतेनासे झाले की चाळलेल्या राखेत मिसळून ठेवायचे. (राखेनेच राखायचे, हा योगही गमतीचा.) भुंगेऱ्याची अंडी अनेकदा परसातूनच शेंगेबरोबर येतात; दाण्यांमधल्या फटी राखेने भरल्या की त्याला फिरायला जागा उरत नाही.

या राखण्याची परिसीमा 1941 ते 1944 च्या लेनिनग्राडच्या वेढ्यात दिसली. निकोलाय वाविलोव्ह यांनी उभारलेल्या तिथल्या बीजसंग्रहाचे अनेक कर्मचारी धान्याच्या साठ्याशेजारी उपासमारीने गेले. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह त्यांतलेच. स्वतः वाविलोव्ह 1943 मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले. शहरात लाखो माणसे भुकेने मरत असताना दाणे कोंडून ठेवणे योग्य होते का, हा प्रश्न मला सुटलेला वाटत नाही. स्वतःची भूक पणाला लावणे वेगळे, शेजाऱ्याची लावणे वेगळे. भुकेल्या घराने बियाणे शिजवले, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

परंतु आपली ताटे भरलेली आहेत. पुढच्याला चांगल्यातले द्यावे की उरल्यातले, एवढेच आपल्याला ठरवायचे असते. आणि तेही आपण ठरवत नाही, होऊ देतो. शाळा, नोकरी, बाजार यांतून जी मराठी उरते, तीच आपण मुलांच्या ओंजळीत घालतो, हे सांगायला वालाची गरज नाही. असो.

दोरा बांधला तरी अचानक पाहुणे आले की हात नेमका त्याच वेलाकडे जातो. तेव्हा बियाण्याचा वेल स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, कुंपणाच्या पार टोकाला चढवलेला बरा.