शौलाचा घात कोणी केला?

शास्त्रपाठ : १ शमुवेल १३:८-१४; १५:१०-३१



एखादे चांगले चाललेले जीवन धुळीस मिळाले, की आपल्या तोंडून सहज उद्गार निघतो, "त्याच्या कपाळीच तसे होते." राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील बुद्धिमान वकील सुधाकर मद्यापायी पत्नी, मूल आणि अखेर स्वतःचे प्राणही गमावतो. नाटक पाहून परतणारा कोणी तळीरामाला दोष देतो, कोणी दैवाला; परंतु पहिला प्याला ओठी लावणारा हात सुधाकराचाच होता.

पवित्र शास्त्रातील अशीच शोकांतिका म्हणजे इस्राएलाचा पहिला राजा शौल याचे चरित्र. तो साऱ्या लोकांहून उंच, आरंभी विनम्र, देवाने निवडलेला आणि अभिषिक्त होता. शेवटी मात्र गिलबोवाच्या डोंगरावर त्याचे तीन पुत्र पडले आणि राजा आपल्याच तरवारीवर कोसळला. हा घात कोणी केला?

कोणी म्हणेल, देवानेच त्याला टाकले. त्याला छळणारा दुरात्मा परमेश्वराकडून आला, असे शास्त्रच सांगते. मग बिचाऱ्या शौलाचा काय दोष? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. परंतु घटनांचा क्रम पाहा. दुरात्म्याचा उल्लेख सोळाव्या अध्यायात येतो. गिलगाल येथील अवज्ञा तेराव्यात आणि अमालेक्यांच्या लुटीचे प्रकरण पंधराव्यात आहे. शिवाय शमुवेलाचे शब्द नीट ऐका. तू आज्ञा पाळली असतीस तर तुझे राज्य कायम राहिले असते, अशा अर्थाने तो बोलतो. ज्याचा नाश आधीच ठरला, त्याला 'असतीस तर' असे कोण म्हणेल? आणि त्याच्यासाठी शमुवेलाने रात्रभर आक्रोश तरी का करावा? शौलापुढे दुसरी वाट खरोखर मोकळी होती.

आता शौलाची उत्तरे ऐका. गिलगाल येथे त्याने शमुवेलाची वाट पाहणे सोडून स्वतःच होमबली अर्पिला. का? लोक पांगू लागले होते, शमुवेल वेळेवर आला नाही, पलिष्टी चालून आले होते. म्हणून निरुपायाने मी हे केले! पुढे अमालेक्यांची उत्तम गुरेमेंढरे राखली, तेव्हा ती लोकांनी राखली! अखेरीस 'मी पाप केले' हे शब्द त्याच्या मुखातून निघाले खरे. पण त्यांच्या मागोमाग विनंती आली की, वडील जनांसमोर माझा मान राखावा. त्याला पापाहून अपकीर्तीचे भय अधिक होते.

परिस्थितीचा दाब खोटा नसतो. शौलाची सेना खरोखरच पांगत होती. मग दाबाखाली चुकलेल्या मनुष्याने काय करावे? याचे एक उदाहरण आपल्या मराठी माणसांतच आहे. रायपूरच्या बूढापारा भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. जन्माने मराठी असलेल्या या पुरुषाने हिंदीची मोठी सेवा केली. नागपुरात 'हिंदी केसरी' चालवीत असता १९०८ साली त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. वडील बंधूंच्या आग्रहाखातर त्यांनी क्षमापत्र दिले आणि ते सुटले. भावाने गळ घातली, माझा नाइलाज झाला, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. सार्वजनिक जीवनातून बाजूला होऊन ते वर्ध्याजवळील हनुमानगडास रामदासी मठात राहिले आणि मधुकरी मागून त्यांनी दिवस काढले. तेथून परतलेल्या सप्र्यांनी 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. ते ख्रिस्ती नव्हते, आणि प्रायश्चित्ताने तारण विकत मिळते असे आपण मानीत नाही. तथापि आपली चूक आपल्याच नावावर मांडण्याचे जे धैर्य इस्राएलाच्या राजाला झाले नाही, ते या संपादकाने दाखविले.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक दुःख हे पापाचेच फळ, असे म्हणू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी तसे विचारले, तेव्हा प्रभूने त्यांचा तर्क नाकारला. आजाऱ्याच्या खाटेपाशी किंवा दुसऱ्याच्या जुलमाने उद्ध्वस्त झालेल्या घरी जाऊन 'तुझाच दोष' म्हणणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची री ओढणे होय. आजचा प्रश्न इतकाच आहे : जे मी स्वतः निवडले, त्याचा हिशेब मी कोणाच्या नावे लिहितो?

कारण जो आपला दोष दैवाच्या पदरात टाकतो, त्याला पश्चात्ताप करण्यास काही उरतच नाही; आणि क्षमा तर दोषाचीच होते. दाविदाचे पाप शौलाच्या पापाहून लहान नव्हते. परंतु नाथानाने बोट दाखविताच त्याने ना बथशेबेला पुढे केले, ना मोहाला. पेत्रानेही भयापोटी प्रभूला नाकारले. पण कोंबडा आरवताच तो बाहेर जाऊन रडला. दोघांनाही देवाने पुन्हा उभे केले.

प्रियांनो, आपल्या घरात व्यसन असेल, भावाभावांत वैर असेल, मंडळीच्या पैशाचा चुकलेला हिशेब असेल, तर 'काळच वाईट आला' हे वाक्य आज बाजूला ठेवू या. वधस्तंभावर प्रभूने जे वाहिले ते आपले दैव नव्हे, आपले पाप होय. ते आपले म्हणून त्याच्या हाती द्यावे. तो ते परत करीत नाही.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या सबबी आमच्यापासून दूर कर. जे आम्ही केले ते आम्हीच केले, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस दे, आणि तुझ्या पुत्राच्या रक्ताने आम्हांस शुद्ध कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.