जुने पाणी

गेल्या वैशाखात बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथे भालचंद्र गणेशाच्या दर्शनास गेलो असता एका परिचितांच्या जुन्या वाड्यात आमचा मुक्काम पडला. वाड्याच्या चौकातील आड कित्येक वर्षे वापरात नव्हता; पाला आणि कचरा पडून त्यातील पाणी काळे पडले होते. तो बुजवावा, असे घरातील तरुणांचे म्हणणे. वाडवडिलांच्या पाण्यास हात लावू नये, असे वृद्ध गृहिणीचे. अखेर उपसून पाहण्याचे ठरले. कामावरील म्हाताऱ्या गड्याने एकच ताकीद दिली, “पाणी एकदम काढू नका, बाहेरची ओली माती बांधकाम आत लोटील.” तीन दिवस बेताबेताने उपसा चालला. दुर्गंधी गाळ घमेल्यांनी वर आला, आणि मग तळच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून स्वच्छ पाणी पाझरू लागले. ते पाहून दोन्ही पक्ष क्षणभर गप्प झाले.

त्या घरचा एक पुतण्या इंग्लंडात राहतो. तो त्या वेळी रजेवर आला होता. “काका,” तो यजमानांस म्हणाला, “आमच्या तिकडच्या घरातले पाणीही असेच काळे निघे. काळे दिसले की काढायचे, असे मी करीत गेलो, आणि शेवटी लोखंडच गळू लागले.”

थंड देशांतील जुन्या घरांत ऊब पुरविण्याची योजना अशी असते की, बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील लोखंडी रेडिएटरांत फिरते व निवून परत येते. ते प्यावयाचे नसते. तेच वर्षानुवर्षे फिरत राहते. ते काढावयाचे झाल्यास बॉयलर विझवून निवू द्यावा लागतो, नव्या पाण्याची वाट अडवावी लागते, सर्वांत खालच्या तोटीस रबरी नळी जोडून ती उघडावी लागते आणि वरच्या मजल्यावरील रेडिएटरांचे हवेचे स्क्रू सैल करावे लागतात; वरून हवा शिरल्याखेरीज खालून पाणी नीट उतरत नाही. निघते ते शाईसारखे काळे. परंतु तो काळेपणा बाहेरून आलेला नसतो. ते त्या लोखंडाचेच झिजलेले अंग असते. आणि नवल असे की, कोंडून राहिलेल्या जुन्या पाण्यातील प्राणवायू लोखंडाशी संयोग पावून बहुतांशी संपलेला असतो, म्हणून ते पुढे फारसे गंजवीत नाही. स्वच्छ दिसणारे नवे पाणी मात्र नवा प्राणवायू घेऊन येते, आणि गंजाचे काम पुन्हा सुरू होते. म्हणून जाणता कारागीर कारणावाचून ते काढीत नाही. काढलेच, तर गाळ धुऊन व नव्या पाण्यात गंज रोखणारे औषध घालूनच पुन्हा भरतो.

एकाच कृतीने एका घरी झरा मोकळा झाला, दुसऱ्या घरी गंज वाढला. चालीरीती, श्रद्धा व संस्था यांविषयीच्या आपल्या वादांत हाच घोटाळा होत असतो. ‘जुने ते सोने’ म्हणणारा आणि जुने म्हणून टाकावे म्हणणारा, दोघेही पाण्याचे वय विचारतात. मळ कोठचा, हे कोणीच विचारीत नाही. मळ वरून पडलेला असून खाली झरा असेल, तर उपसणे हेच त्या जुन्याचे रक्षण होय. मळ पात्राच्या झिजेतूनच येत असेल, तर नुसते पाणी बदलणे ही आत्मवंचना होय.

तिसराही प्रकार संभवतो. मळ पाण्यात नसतो आणि पात्रातही नसतो. तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे बाटले असे मानून सनातन्यांनी त्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळले आणि मंत्रघोषात ते तळ्यात परत ओतले. जे मळले नव्हते ते शुद्धीच्या नावाने मळविले गेले. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना तळे वर्ज्य करणारी रूढी अनादि असल्याचे सनातनी पक्षास शाबीत करता आले नाही. ज्याच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप केला, त्याचे जुनेपणही सिद्ध झाले नाही.

यावर कोणी म्हणेल की, ही कसोटी दिरंगाई करणाऱ्यास सोयीची आहे. मळ कोठचा याचा तपास चालू आहे, असे म्हणत पिढ्या घालविता येतात. हा आक्षेप खरा आहे. आमचे उत्तर इतकेच की, तपास करावा घरात राहणाऱ्याने, पण त्याची मुदत ठरवावी तहानलेल्याने. ज्याच्या घरी पाणी आहे, त्याला दुसऱ्यास काठावर ताटकळत ठेवण्याचा अधिकार नाही.

चौथ्या दिवशी आडातून निघालेली पहिली बादली वृद्ध गृहिणीने त्या म्हाताऱ्या गड्याच्या हातापायांवर ओतली. ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे तपासून घेणे अद्याप राहिले होते.