जुन्या मैत्रिणींचा हक्क

नाशिकच्या कॉलेज रोडवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे एस.एम.आर.के. महिला महाविद्यालय आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाशी ते संलग्न आहे. अशा महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनींत वडाळा नाका, चौक मंडई, नाशिक रोड येथील आपल्या घरच्या मुलीही आहेत. कित्येक घराण्यांत पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी होती. वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या फोनवर एखाद्या वर्गमैत्रिणीचा निरोप येतो: माजी विद्यार्थिनींचा मेळावा आहे, नक्की ये. आणि घरात चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, या वयात आता कसल्या मैत्रिणी? पती म्हणतात, जायचे तर जा, पण त्यातून मिळणार काय?

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण बहुधा परवानगीचा प्रश्न म्हणून सोडवतो. पेहराव, नमाजची वेळ, जेवण हलाल आहे की नाही, परतायला उशीर तर होणार नाही, एवढे पाहिले की विषय संपतो. या गोष्टी पाहायलाच हव्यात. (जेवण तर अशा ठिकाणी बहुधा शाकाहारीच असते!) परंतु त्याआधीचा प्रश्न तसाच राहून जातो. जुन्या मैत्रिणीचे आपण काही देणे लागतो काय? नातेवाइकांचे हक्क आपल्याला पाठ आहेत. सिलारहमीवर प्रवचने होतात. मैत्री मात्र आपण करमणुकीच्या खात्यात जमा करून टाकली आहे.

पवित्र कुरआन असे करीत नाही. सूरह नूरच्या 61 व्या आयतीत कोणाकोणाच्या घरी निःसंकोच जेवता येते हे सांगितले आहे. आई-वडील, भाऊ, बहिणी, काका, आत्या, मामा, मावशी, असे एकेक नाते येत जाते, आणि यादीच्या अखेरीस मित्राचे घर येते. रक्ताच्या नात्यांच्या पंगतीत मैत्रीला पान मांडलेले आहे.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हे आचरणाने दाखवून दिले. माननीय खदीजा (रजि.) यांचे निधन हिजरतच्या सुमारे 3 वर्षे आधी झाले. त्यानंतरही प्रेषित (स.) बकरी जबह करीत तेव्हा मांसाचे वाटे खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींच्या घरी आठवणीने पाठवीत. हे सांगणाऱ्या स्वतः माननीय आयेशा (रजि.) आहेत, आणि त्या आपल्याला वाटणारी असूयाही लपवीत नाहीत. इमाम हाकिम यांनी नोंदविलेल्या एका कथनात एक वृद्धा प्रेषितांकडे येते. प्रेषित (स.) तिची आस्थेने विचारपूस करतात: तुम्ही सर्व कसे आहात, परिस्थिती कशी आहे, आणि आमच्या पश्चात तुमचे दिवस कसे गेले? ती गेल्यावर आयेशा (रजि.) विचारतात, या म्हातारीचे एवढे आदरातिथ्य का? उत्तर मिळते की ही खदीजाच्या काळी आमच्याकडे येत असे. जुन्या संबंधांची जाण राखणे हा ईमानचाच भाग आहे.

तिसऱ्या प्रश्नापाशी थोडे थांबा. ‘कशी आहेस?’ हे कोणीही कोणाला विचारते. आपल्या पश्चात दिवस कसे गेले, हे विचारणारा माणूस मधल्या वर्षांची दखल घेतो. त्या वर्षांत आपण तेथे नव्हतो, हेही तो मान्य करतो.

आता मेळाव्याच्या सभागृहातील प्रश्न आठवा. मुलगा कोठे असतो? फ्लॅट घेतला की बंगला? मुलीचे लग्न कोणत्या घरात झाले? विचारणारीच्या मनात वाईट काही नसेलही. पण ऐकणारीला आपले मोजमाप चालल्याचे जाणवते. सूरह हुजुरातच्या 11 व्या आयतीत थट्टा करण्यास मनाई आहे, आणि तेथे स्त्रियांचा वेगळा उल्लेख करून तीच ताकीद पुन्हा दिलेली आहे. हा उल्लेख उगाच नसावा. छायाचित्रे काढून झाल्यावर, जी आली नाही तिच्याविषयीचे बोलणे सुरू होते.

खरे तर तिच्याविषयीच बोलायला हवे, मात्र वेगळ्या रीतीने. ती का आली नाही? कदाचित तलाकनंतर माहेरी राहते आहे. कदाचित सातपूरच्या कारखान्यातील पतीची नोकरी सुटली आहे आणि मेळाव्याची वर्गणी तिला महिन्याच्या किराण्याएवढी वाटते. तिला कोणी घालवून दिलेले नसते. वर्गणीचा आकडा वाचून ती स्वतःच ‘जमणार नाही’ असे कळवते. माझ्या मते मेळाव्याचा खरा हिशेब येथे होतो. दोघी-तिघींनी तिचा वाटा गुपचूप भरला, किंवा मेळाव्याआधीच तिच्या दारी जाऊन आल्या, तर प्रेषितांनी पाठविलेल्या त्या वाट्यांशी आपला काही संबंध उरला असे म्हणता येईल.

या मैत्रिणींत मुस्लिमेतर भगिनी असतात. नाशिकमध्ये बहुसंख्य त्याच असणार. त्यांच्यापैकी कोणी परीक्षेआधी आपल्या वह्या दिल्या, कोणी रमजानमध्ये आपल्यासमोर डबा उघडला नाही. सूरह मुम्तहिनाच्या 8 व्या आयतीनुसार जे धर्माच्या कारणावरून तुमच्याशी लढले नाहीत, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही. आजच्या कलुषित वातावरणात तर असे जुने धागे आपण होऊन तोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पती आणि मुलांना यात काय करायचे आहे, असे कोणी म्हणेल. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक ग्रामीण अरब भेटला. त्यांनी स्वतःच्या स्वारीचे गाढव आणि डोक्यावरचा अमामा त्याला देऊन टाकला. सोबत्यांना नवल वाटले. त्यांनी सांगितले की याचे वडील माझ्या वडिलांचे मित्र होते. वडिलांच्या स्नेह्यांशी संबंध जपणे ही फार मोठी नेकी असल्याचे मी प्रेषितांकडून ऐकले आहे. हेच आईच्या मैत्रिणींनाही लागू व्हायला हवे. पण त्यासाठी त्यांची नावे तरी ठाऊक हवीत. आईचा जनाजा उठतो त्या दिवशी वडिलांच्या सर्व मित्रांना फोन जातात. आईच्या वर्गमैत्रिणींना कोण कळवते? बहुतेक घरांत ती नावे तिच्या बंद पडलेल्या फोनमध्येच असतात, आणि त्या फोनचा पासवर्ड कोणालाही माहीत नसतो.