सिस्टरच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?



अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आता अनेक घरांत ‘ब्यूरोची सिस्टर’ येते. बारा तासांची ड्यूटी, दिवसाचा ठरलेला दर आणि काम नाही त्या दिवशी पैसा नाही. काही सिस्टर अशाच रोजावर नर्सिंग होममध्येही जातात. त्यांच्याविषयी एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही: त्यांचे पुढचे शिक्षण कोणाच्या पैशाने व्हावे?

कोर्स तर एकदाच झाला, आता कसले शिक्षण, असे कोणी म्हणेल. पण रुग्णसेवा सतत बदलते. हृदय बंद पडलेल्या माणसाला आधी श्वास द्यावा, असे पूर्वी शिकवत. 2010 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलला. आधी छाती दाबायची असे ठरले. त्यांच्या या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी भारतीय नर्सिंग परिषदेने पाच वर्षांत 150 तासांचे शिक्षण सांगितले आहे. म्हणजे वर्षाला 30 तास.

कायम नोकरीतल्या सिस्टरला चांगले रुग्णालय असे वर्ग आवारातच देते किंवा परिषदेला पगारी रजेवर पाठवते. रोजावरच्या सिस्टरला मात्र तिहेरी भुर्दंड पडतो: फी, प्रवास आणि खाडा. समजा, तिचा दर 1,200 रुपये आहे आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेची फी 1,500. बुडालेली मजुरी धरून 3,900 रुपये गेले. म्हणजे सव्वातीन दिवसांची कमाई. शिवाय त्या दोन दिवसांत ब्यूरोने दुसरी सिस्टर पाठवली आणि घरच्यांना तीच आवडली, तर केसही गेली. शिकायला जाणाऱ्याचीच चूल विझावी, असा हा व्यवहार आहे.

यावर एक रास्त शंका निघते. डॉक्टर, वकील आपापल्या खर्चानेच शिकतात ना? मग सिस्टरनेच का नाही? उत्तर सरळ आहे. डॉक्टर नवे तंत्र शिकून आला की फी वाढवू शकतो. सिस्टर नवे शिकून आली तरी तिचा दर तोच राहतो, कारण तो ती ठरवतच नाही. ती नीट शिकली तर आपल्या आईच्या पाठीला जखमा होत नाहीत, नाकातल्या नळीतून भरवताना आईला ठसका लागत नाही. फायदा आपल्याला आणि खर्च तिला, हा हिशेब न्यायाचा नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली श्रमांवर ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ हे परिपत्रक लिहिले. कामाला ठेवणारा मालक तर जबाबदार आहेच. पण ज्यांच्या धोरणांवर कामाच्या अटी ठरतात त्या संस्था आणि शासन हेही अप्रत्यक्ष मालक आहेत, असा विचार त्यांनी मांडला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकांना महिना किमान 20,000 रुपये पगाराची शिफारस केली. पण जिला मासिक पगारच नाही, तिला या आकड्याचा आधार कसा मिळणार? तिच्या बाबतीत मालक म्हणजे ब्यूरो, नर्सिंग होम आणि आपले घर.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. त्याने जखमी माणसाला खाणावळीत नेले आणि खाणावळवाल्याला दोन दिनार दिले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार आहे. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांचा रोज दिला आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरून देण्याचा शब्दही दिला. ‘सेवा हेच पुण्य आहे, तूच सोस’, असे तो म्हणाला नाही. आपण मात्र 12 मे रोजी, परिचारिका दिनाला, सिस्टरच्या हाती गुलाब देतो आणि तेवढ्यावरच थांबतो.

शिकून ती आखातात किंवा आयर्लंडला गेली तर आपला पैसा वाया गेला का? नाही. तिथेही ती कोणाच्या तरी आईचीच सेवा करील. मदत करून माणसाला बांधून ठेवणे ही मदत नव्हे, ती सावकारी झाली.

सिस्टरचीही एक बाजू आहे. सही करून, जेवून, दुपारीच परिषदेतून निघणे आणि तास मात्र पूर्ण लावणे, हे रुग्णाला फसवणे आहे. दुसऱ्यांनी खर्चाचा वाटा उचलायचा, तर शिकणेही खरे हवे.

मग आपण काय करू शकतो? घरी सिस्टर ठेवताना तिची कौन्सिलची नोंदणी विचारावी आणि नोंदणी असेल तर अप्रशिक्षित आयापेक्षा जास्त दर द्यावा. दोघींना एकच दर मिळाला, तर शिकणे हा मूर्खपणाच ठरेल. ती केस महिनोन्‌महिने चालली, तर वर्षातून दोन दिवस तिला पगारी सुट्टी द्यावी आणि परतल्यावर केस तिचीच राहील असा शब्द द्यावा. धर्मग्रामाचे सभागृह रविवारी दुपारी मोकळे असेल, तर एखाद्या नर्सिंग कॉलेजला तिथे मान्यताप्राप्त वर्ग घ्यायला बोलवावे. प्रवास वाचेल, खाडाही टळेल.

जिच्या हाती आपण आपली माणसे सोपवतो, तिचे हात तयार ठेवण्याचा खर्च हा दानधर्म नाही. ते आपले देणे आहे.