नाइलाज कोणी ठरवायचा?

औषधाच्या दुकानात एका वृद्ध मुसलमान गृहस्थांनी विचारले, ‘कॅप्सूलचं हे कवच कशाचं?’ दुकानदार हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. कवचातले जिलेटिन बहुधा गुरांच्या वा डुकरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात.

कुराण हराम वस्तू सांगते, तसेच नाइलाजाने खाणाऱ्याला दोष नाही, असेही सांगते (२:१७३). मूळ द्रव्याचे पूर्ण रूपांतर झाल्यास ते शुद्ध, असे १९९५ साली कुवेतच्या परिषदेत धर्मशास्त्री व डॉक्टरांनी मानले. सर्वांना ते पटलेले नाही.

मग नाइलाज आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? ज्याच्या पोटात औषध जाणार, त्यानेच. त्यासाठी त्याला खरे सांगायला हवे आणि दुसरे औषध आहे का, तेही. आपली माळकरी आजी हेच विचारती, तर आपण हसलो असतो का?