सोसणे म्हणजे क्षांती काय?



आपल्या वस्तीतील एका बाईचे चित्र डोळ्यांपुढे आणा. ती पहाटे उठून नळावर पाण्याचा नंबर लावते, मुलांचे डबे करते, चार घरची धुणीभांडी उरकते. रात्री नवरा पिऊन आला तर त्याच्या शिव्या खाते. आणि एके दिवशी ती चुलीपुढे नुसती बसून राहते. तव्यावर भाकर करपते, तिचे लक्ष नसते. जेवण तुटते, झोप उडते. कधी ती एकाएकी रडू लागते, कधी चार-चार दिवस शब्द बोलत नाही.

अशा वेळी आपण काय म्हणतो? घरातले म्हणतात, ‘ढोंग करते.’ शेजारीण म्हणते, ‘बाहेरचे लागले असेल, देवऋषीला दाखवा.’ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्या समाजाने देवदेवतांना रजा दिली, त्या समाजात आजही लिंबू-अंगारा चोरपावलांनी फिरतो, ही लाजेची गोष्ट आहे. परंतु आज मला तिसऱ्या उत्तराविषयी बोलावयाचे आहे. ते आपल्यातील शिकलेली, विहारात पुढे बसणारी माणसे देतात. ती म्हणतात, ‘बाई, तृष्णा सोड. क्षांती ही पारमिता आहे. आपल्या रमाईने किती सोसले ते आठव!’

पहिली दोन उत्तरे अज्ञानाची आहेत. तिसरे धम्माच्या नावाने दिले जाते, म्हणून ते अधिक घातक आहे. तेव्हा प्रश्न विचारलाच पाहिजे : सोसणे म्हणजे क्षांती काय?

पटाचाराची कथा आपण ऐकली आहे. ती श्रावस्तीच्या धनिकाची कन्या. घरातील नोकरावर तिचे मन बसले आणि ती त्याच्याबरोबर निघून गेली. पुढे दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली असता वादळात सापडली. नवरा सर्पदंशाने मेला. नदी ओलांडताना नवजात बालकाला ससाण्याने उचलले, थोरला मुलगा पाण्यात वाहून गेला. श्रावस्ती जवळ आली तेव्हा कळले, आईबाप आणि भाऊ रात्री घर कोसळून गेले. पटाचाराचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून माती फेकून मारली.

ती जेतवनात शिरली, तेव्हा लोक तिला अडवू लागले. तथागत म्हणाले, तिला अडवू नका. तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारली आणि भानावर ये म्हटले. ती भानावर आली, तिला लाज वाटली. सभेतील एका माणसाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. मग तिने आपली कहाणी सांगितली, ती तथागतांनी ऐकून घेतली, आणि त्यानंतर उपदेश केला.

वाचकहो, हा क्रम ध्यानात घ्या. आधी दार उघडले, मग हाक मारली, मग अंग झाकले, मग ऐकले, आणि सर्वांत शेवटी उपदेश. ‘तू घर सोडून का पळालीस?’ असे तिला कोणी विचारले नाही. आपण मात्र पहिल्या चार पायऱ्या गाळतो आणि थेट उपदेशाला बसतो! हीच पटाचारा पुढे विनयात अग्रगण्य भिक्षुणी ठरली आणि पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या स्त्रिया तिच्यापाशी आधाराला येऊ लागल्या.

आता क्षांतीकडे वळू. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात क्षांतीचा अर्थ सांगितला आहे : द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे. मार खात राहणे असा अर्थ त्यांनी सांगितलेला नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये आहेत : पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे. मद्यपान न करणे हे तर पंचशीलातीलच शील आहे. शील मोडतो नवरा, आणि क्षांतीचा पाठ मिळतो बायकोला! हा कुठला न्याय? ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासारख्या प्रश्नावर १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांच्या घरात हा न्याय चालावा काय?

आणि रमाई? रमाईने चार लेकरांचे मृत्यू पाहिले आणि २७ मे १९३५ रोजी ती माउली गेली. तिच्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण तिचे दुःख सांगून लेकीसुनांची तोंडे बंद करावीत, हा तिचा गौरव नव्हे. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी आपण कोसळलो आहोत हे मित्राला पत्रातून मोकळेपणाने कळविले होते. जो महापुरुष आपले दुःख लपवीत नाही, त्याच्या नावाने तुम्ही एका थकलेल्या बाईला गप्प बसवता?

दुःखाला कारण असते आणि कारण शोधून ते दूर करता येते, हा धम्माचा गाभा आहे. म्हणून ‘तिच्या नशिबात होते’ म्हणून मोकळे होऊ नका. कारण मारहाण असेल, तर उपाय कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालचा आहे. कारण वियोग असेल, तर सोबत हवी. बाळंतपणानंतर किंवा एरवीही मनाला आजार जडला असेल, तर डॉक्टर आणि औषध हवे. तापाला औषध घेताना आपण लाजत नाही, मग येथे लाज कसली? २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत टेलि-मानस सेवा आहे. मराठीतूनही बोलता येते. तिच्या तोंडून जीव देण्याची भाषा आली, तर ती धमकी समजू नका. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर लगेच चटया गुंडाळू नका. कोण बाई आज आली नाही, ते पाहा. दोघीजणी तिच्या घरी जा. एकीने तिची मुले सांभाळावी, दुसरीने तिच्यापाशी बसावे आणि फक्त ऐकावे. पुरुषांनी तिच्या नवऱ्याला विहारात बोलवून पंचशीलाची आठवण द्यावी. अंगावर वस्त्र टाकणारा तो माणूस कोण होता, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याच्यावाचून पटाचारा उपदेश ऐकायला बसू शकली नसती. तुमच्या वस्तीतील पटाचारा दाराशी उभी आहे. वस्त्र कोण देणार?

भवतु सब्ब मंगलं.